लुबारांची ढाल

एक

मासे धरायला तळं उपसलं, तेव्हा चिखलात पहिल्यांदा दिसला तो धन्यांचा बूट. बुटात पाय होता.

दर वर्षी थंडीच्या तोंडाशी लुबारांच्या तळ्याची फळी उचलायची, पाणी कालव्यात सोडायचं आणि तळाशी तडफडणारे कार्प मासे टोपल्यांनी भरायचे, ही तिथली जुनी रीत. त्या सकाळी कोळ्यांनी टोपल्या टाकल्या आणि देवाच्या आईचं नाव घेत ते काठाकडे पळाले. पंचक्रोशीचा धनी सेवेरिन लुबारा फळीजवळच्या लव्हाळ्यात पालथा पडला होता, आणि तिथं तळं भरलेलं असतानाही पाणी गुडघाभरच असायचं.

"पाय घसरला," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मोठ्या घरात मरणाचं कारण ठरायला वेळ लागत नाही. पण प्रेताला आंघोळ घालताना फादर दोमिनिकना मानेवर एक निळा, अर्धगोल व्रण दिसला. तळ्याची फळी उचलायला लांब दांड्याचा लोखंडी आकडा असतो, बरोब्बर त्याच्या मापाचा. घसरलेला माणूस गुडघाभर पाण्यातून उठतो. सेवेरिनला कुणीतरी उठू दिलं नव्हतं.

फादरांनी कुणालाही न विचारता तालुक्याला निरोप धाडला. म्हणून बोनिफात्सी कुर्झेल आला.

कुर्झेल राजाचा तपासनीस, आणि नावाला सरदारही. त्याचा बाप स्वतः नांगर धरायचा, पण कमरेला तलवार लावून आणि हातात मोजे घालून. कारण सरदार तो सरदार. असे चिखलातले सरदार त्या राज्यात पैशाला पासरी होते. आजोबा-पणजोबांच्या काळात तीन शेजाऱ्यांनी हे राज्य आपसात वाटून घ्यायचा घाट घातला होता. सरदारांनी तेवढ्यापुरती आपली भांडणं थांबवली, तिघांना पिटाळून लावलं आणि लगेच पुन्हा भांडायला बसले. आता आगगाडी आली, तारायंत्र आलं, तरी राजा अजून माळावर निवडला जायचा. जमीन असेल त्याला माळावर ताणलेल्या दोराच्या आत जागा आणि मत. नसेल त्याने दोराबाहेर उभं राहून टोपी हलवायची.

आणि यंदा राजा नुकताच वारला होता. गादी रिकामी होती, वसंतात नवी निवड होती. अशा वेळी जमीनदार मेला की साधं मरण राहत नाही, हे कुर्झेलला पक्कं ठाऊक होतं.

दोन

"राजाचे तपासनीस ना तुम्ही? पण राजाच कुठाय?"

सालोमेआबाई खिडकीशी सिगारेट ओढत उभ्या होत्या. सेवेरिनची ही दुसरी बायको, शहरातल्या दारूभट्टीवाल्याची लेक. काळे कपडे तिला शोभत होते आणि ते तिला माहीत होतं.

"राजे जातात, बाईसाहेब. खून चालूच राहतात."

"मीच मारलं असं वाटतंय ना? वाटू दे. अख्ख्या घराला वाटतंय. स्वयंपाकीण माझ्यापुढे सूप ठेवते ते हात लांब करून." तिने राख कुंडीत झटकली. "ऐका, तुम्हाला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगते. सावत्र मुलगा गाब्रिएल आला, की मला मागची खोली आणि एक गाडी. तो नसता तर मरेपर्यंत हे घर आणि शेतं माझी. तळं आणि जंगल तेवढं नाही. ते पहिलीच्या हुंड्यातलं. तिच्या पोटचं कुणी आहे तोवर इथं, नाहीतर परत तिच्या माहेरी. मेली तरी तिचा तोरा गेला नाही बघा!"

"गाब्रिएलवर राग आहे?"

"त्याच्यावर कशाला? गरीब आहे बिचारा. राजधानीत चांदण्या मोजतो दुर्बिणीतून. राग आहे तो या घरावर. तीन आठवडे मढं ठेवलंय, का तर थाटात पुरायचं म्हणून! त्या चर्चमध्ये लाकडाचं रंगीत तबक टांगलंय, त्याच्यापुढे येईल तो टोपी काढतोय. काय आहे ते?"

"ढाल आहे, बाईसाहेब. घराण्याची."

"लाकडाची? मग लढाईत काय जेवायला घ्यायचे?"

कुर्झेलला हसू आलं. ते लपवायला तो खोकला.

कारभारी बाल्ताझार तबेल्यात सापडला. घोडदळातला जुना गडी, मनगट असं की कुर्झेलची मांडी लाजावी. मरणाच्या आदल्या दिवशी सेवेरिनने त्याला नोकरांदेखत हातमोज्याने थोबाडीत मारली होती, जंगलतोडीवरून.

"मारली की," बाल्ताझार म्हणाला. "लपवायचं काय त्यात? गाल माझा, मोजा त्यांचा. पण साहेब, मला मारायचं असतं तर एका हाताने मान धरून बुडवलं असतं. आकडा कशाला शोधत बसू?"

"हे बोलून स्वतःलाच गोत्यात घालतोयस."

"खरं बोलून गोत्यात जायची खोडच आहे मला. आता हे बघा, तीन दिवसांनी मयताच्या वेशात, चिलखत घालून, चर्चमध्ये घोडा घालायचा आणि शवपेटीसमोर धाडकन खाली पडायचं. धनी मेले हे लोकांना डोळ्यांनी दिसायला हवं ना! या वयात! हाडं मोडली तर कोण देणार? आणि धाकट्या धन्यांचं खोगीर अजून वाळलं नाही. ते आले की त्याच्यावरच बसवून मिरवायचंय. रंगाऱ्याला शंभरदा बजावलं."

संध्याकाळी ओनुफ्रीमामांनी कुर्झेलला आपल्या खोलीत नेलं. मामा म्हणजे सेवेरिनच्या पहिल्या बायकोचे भाऊ. बहिणीच्या पाठोपाठ या घरात आले आणि इथंच राहिले. सगळं घर त्यांना मामाच म्हणायचं. अंत्यविधीचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता: कुणी कुठं बसायचं, कुठली घंटा आधी, कुठला झेंडा मागून. दर दोन मिनिटांनी कुणीतरी दार ठोठावून विचारायचं, "मामा, मेणबत्त्या पिवळ्या की पांढऱ्या?"

"पिवळ्या रे बाबा, पांढऱ्या लग्नाला," मामा शांतपणे सांगायचे.

मधाची गरम दारू ओतताना त्यांचा उजवा हात लटलट कापत होता. निम्मी दारू टेबलावर सांडली. मग त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि ओशाळून हसले.

"हा हात मला सगळीकडे लाजवतो. घ्या. तुम्ही आमच्यातलेच, कितीही लहान असलात तरी."

"गाब्रिएल कसा आहे?"

"माझा जीव आहे तो." मामांचे डोळे भरून आले. "त्याची आई गेली तेव्हा एवढंसं होतं. बोलायला, घोड्यावर बसायला, सगळं मी शिकवलं. येईल तेव्हा मीच आणायला जाणार, दुसऱ्या कुणाला जाऊ देणार नाही."

"आणि सेवेरिन?"

"वाईट नव्हता. विसराळू होता. मी इथं आहे हेच विसरायचा." मामा पेल्याकडे बघत राहिले. "मागच्या राजाच्या निवडीला मी दोराबाहेर उभा होतो, तपासनीस. माझा बाप दोराच्या आत असायचा हो, पहिल्या रांगेत! सेवेरिनने आतून मला हात केला. प्रेमानेच केला. पण अख्ख्या माळाने पाहिलं."

कुर्झेलला मामा आवडले. हे त्याने पुढे कधी नाकारलं नाही.

तीन

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं दलदलीवरून उठलं आणि घराच्या पायऱ्यांपर्यंत आलं. कुर्झेल फादर दोमिनिकबरोबर चर्चमध्ये गेला.

शवपेटी मधोमध उंचावर होती. पेटीच्या टोकाला पत्र्यावर रंगवलेला सेवेरिनचा चेहरा ठोकला होता, तिथल्या चालीप्रमाणे. उघड्या डोळ्यांनी तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत होता. कुर्झेलने त्याच्याकडे पाठ केली तरी मानेला ती नजर जाणवत राहिली. पेटीच्या वर ढाल टांगलेली. लाल रंगावर पांढरा बगळा.

"आज संध्याकाळपासून चार सरदारांचा पहारा बसणार," फादर म्हणाले. "मग विधी होईपर्यंत इथल्या कशालाच हात लावायचा नाही. बघायचं ते आत्ता बघून घ्या."

कुर्झेल शिडीवर चढला. काय शोधतोय ते त्यालाही ठाऊक नव्हतं. ढालीच्या मागे हात घातला आणि बोटांना मऊ काहीतरी लागलं. मेण. त्याने ढाल उतरवली, उलटी केली आणि चाकूने मेण खरवडायला घेतलं.

ढालीच्या पाठीवर आडवा करवतीचा काप होता. इतका खोल, की पुढचा रंग तेवढा दोन तुकडे धरून होता. कापात मेण भरून वरून तपकिरी रंग फासला होता.

"खोडसाळपणा!" फादरांनी छातीवर क्रुसाची खूण केली. "कुणीतरी घराण्याचा अपमान करायला..."

"अपमान करणारा रंग फासत बसत नाही, फादर. ज्याने हे केलं त्याला काही दिसू नये असं वाटत होतं. अगदी शेवटपर्यंत." कुर्झेल शिडीवरच बसला. "माझ्या लहानपणी शेजारचं घराणं बुडालं. शेवटचा पुरुष मेला. तुम्हाला रीत माहीत आहे. वारस असेल तर ढाल त्याच्या हातात द्यायची. घराणं संपलं असेल तर शवपेटीवर सगळ्यांदेखत तिचे तुकडे करायचे. तिथं ढाल एका घावात फुटली नाही. दुसऱ्यातही नाही. बायका रुमालाआड हसायला लागल्या. फोडणाऱ्याला 'तीनघावे' हे नाव पडलं ते पडलंच. त्याच्या नातींची लग्नं जुळेनात."

"पण इथं फोडायची वेळच कुठं आलीय? गाब्रिएल आहे की!"

"तेच म्हणतोय मी."

फादरांच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"ही ढाल फुटण्यासाठी तयार केलीय," कुर्झेल हळू आवाजात म्हणाला. "या घरात कुणालातरी पक्कं माहीत आहे, की परवा इथं लुबारा नावाचा एकही पुरुष जिवंत नसेल. पोरगं उद्या येतंय ना? आजच्या आज स्टेशनवर माणूस पाठवा. त्याला तिथंच थांबवा."

"उद्या नाही हो." फादर म्हणाले. "सकाळीच तार आली. आजच्याच गाडीने येतोय तो. ओनुफ्रीमामा कधीचे गेले आणायला. बाल्ताझारही घोडा घेऊन त्याच वाटेला गेलाय!"

स्टेशनची वाट एकच, तळ्याच्या बांधावरून दलदलीतून जाणारी. कुर्झेलने फादरांची छकडागाडी जोडायला लावली आणि चाबूक स्वतःच्या हातात घेतला. हातभर पुढचं दिसत नव्हतं. बांधाच्या तोंडाशी आले आणि घोडा थबकला, कान मागे टाकून फुरफुरायला लागला.

समोर धुक्यात टापांचा आवाज होत होता. मग पिसांचा तुरा दिसला, मग चिलखत, मग खांद्यावरचं बिबळ्याचं कातडं.

सेवेरिन लुबारा घोड्यावर बसून आपल्या घरी परत येत होता.

चार

"देवा रे!" फादर गाडीत खाली सरकले. कुर्झेलच्या हातातून चाबूक पडला.

मेलेला धनी जवळ आला आणि जोरात शिंकला.

"माफ करा," बाल्ताझार शिरस्त्राण वर करत म्हणाला. "पडायचा सराव करतोय. दलदलीत पडलं की लागत नाही. अहो, झालं काय तुम्हाला?"

"मामांची गाडी दिसली?" कुर्झेलला धाप लागली होती.

"मागे बांधावरच उभी आहे. धाकटे धनी आले, साहेब! कसे वाळलेत! मामा म्हणाले, पोराला बापाची जागा दाखवतो, तिथं गुडघे टेकू दे. मी म्हटलं, एकटं असू द्यावं त्यांना."

"बाल्ताझार, ढाल फोडायची वेळ आली तर कोण फोडतो?"

"आता हे काय मधेच? बायकोचा भाऊ. ज्या घराने लेक दिली, त्याच घराने शेवट करायचा. मामाच की. बाईसाहेबांना भाऊ नाही, आणि असता तरी दारू गाळणाऱ्याच्या पोराला कोण हात लावू देतंय!" मग बाल्ताझारचं तोंड उघडंच राहिलं. "फोडायची म्हणजे?"

"तू फोडणार असतास तर काप लागला नसता. बाईसाहेबांना ती ढाल म्हणजे तबक वाटतं. गुडघाभर पाण्यात माणसाला दाबून धरायला आकडा कुणाला लागतो? ज्याच्या हातात जोर नाही त्याला. आकड्यावर नुसतं अंग टाकलं की झालं. आणि गाब्रिएल मेला तर तळं आणि जंगल कुणाच्या माहेरी परत जातं? वसंतात दोराच्या आत कोण उभं राहतं?" कुर्झेल गाडीतून उडी मारून धावतच सुटला होता. "चल लवकर!"

पाच

आधी गाडी दिसली. घोडी बांधावरचं गवत खात होती. गाडीत कुणी नव्हतं.

मग खाली, तळ्याच्या फळीशी, गाब्रिएल दिसला. टोपी काढून, चिखलात गुडघे टेकून, मान खाली घालून तो प्रार्थना म्हणत होता. मान गोरी आणि बारीक होती. पाठीमागे मामा उभे होते. लांब दांड्याचा आकडा त्यांनी काखेत घेतला होता आणि डाव्या हाताने हळूहळू पुढे आणत होते.

"ओनुफ्रीमामा!" कुर्झेल जिवाच्या आकांताने ओरडला.

आकडा थांबला. मामांनी वळून पाहिलं. बांधावर कुर्झेल होता, आणि त्याच्या मागे धुक्यात चिलखत घातलेला, बिबळ्याचं कातडं पांघरलेला सेवेरिन घोड्यावर बसला होता. फादरांनी नंतर सांगितलं, की त्यांना वाटलं आता म्हातारा किंचाळेल, गुडघ्यावर पडेल.

"बाल्ताझार," मामा रागावून म्हणाले, "पिसं ओली होतायत. परवाला काय दाखवणार?"

गाब्रिएल उठून उभा राहिला. काय चाललंय ते त्याला काहीच कळत नव्हतं. कुर्झेल उतारावरून घसरत खाली गेला आणि दोघांच्या मधे उभा राहिला.

"तो आकडा द्या इकडे, मामा."

"घ्या की. घसरडं आहे म्हणून आधाराला घेतला होता." त्यांनी आकडा निमूटपणे दिला. "एवढं घाबरायला काय झालं?"

कुर्झेलने एकेक सांगितलं: मानेवरचा व्रण, आकडा, हुंड्याचं तळं. मामा मान हलवत ऐकत होते, लहान मुलाची गोष्ट ऐकावी तसे. गाब्रिएल एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता.

"यातलं न्यायसभेपुढे काय टिकेल, तपासनीस?" मामा अखेर म्हणाले. "तिथं सगळे सरदार बसतात, आणि एकानेही 'मला मान्य नाही' म्हटलं तर खटला मोडतो. आकडा काय, कुणीही उचलावा. आणि या पोराला मी अंगाखांद्यावर वाढवलंय. विचारा त्यालाच."

"मामा माझ्यासाठी जीव देतील," गाब्रिएल म्हणाला. तो मामांच्या बाजूलाच सरकला. "तुम्ही कोण आहात? माझे वडील परवा पुरायचेत, आणि तुम्ही हे असलं..."

पोरगं आता मामांच्या गाडीत बसणार, मामांच्या हातचं खाणार, मामांच्या शेजारच्या खोलीत झोपणार. आज नाही तर उद्या. त्याला अडवणारा कुर्झेल कोण? चिखलातला सरदार!

मग त्याने टोपी काढली आणि वाकून क्षमा मागितली.

"चुकलं माझं. माफ करा, मामा. तुमच्या मागे आधीच विधीचा एवढा व्याप. बरं आठवलं, ढालीचं मी बघितलंय, काळजी करू नका. मागून चिरली होती. अशुभ दिसलं असतं. सुताराला बसवलंय, पाठीमागून ओकची सबंध फळी आणि लोखंडाच्या दोन पट्ट्या ठोकतोय. आता पहाड कोसळला तरी हलणार नाही."

सुतार-बितार काही नव्हता. ढाल चर्चमध्ये शिडीला टेकून पडली होती.

"काय?" मामांचा चेहरा पांढराफटक पडला. "पट्ट्या? लोखंडाच्या? कुणाला विचारून?"

"बळकट असलेली बरी ना."

"मूर्ख माणसा!" मामा ओरडले. त्या म्हाताऱ्या घशात एवढा आवाज असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "परवा सगळा जिल्हा येणार आहे! बिशप येणार आहेत! माझ्या या हाताने ती फुटणार कशी? लोक हसतील मला! माझ्या बापाच्या नावाला..."

बाल्ताझारचा घोडा मागे फुरफुरला.

"पण ती फोडायची कशाला, मामा?" गाब्रिएलने हळूच विचारलं. "मी आलोय ना."

मामांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्यांना आपण काय बोलून बसलो ते कळलं. ते मटकन चिखलात बसले आणि उजवा हात डाव्याने धरून ठेवला.

गाब्रिएल त्यांच्यासमोर बसला. कुर्झेलने त्याला मागे ओढायला हात पुढे केला, पण फादरांनी अडवलं.

"बाबांना तुम्ही मारलंत?"

"मारलं."

"आणि आज मला मारणार होतात."

"हो रे बाळा."

"आणि मग? परवा माझ्या पेटीपाशी उभं राहून काय करणार होतात, मामा?"

मामांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायला त्यांनी हातसुद्धा उचलला नाही.

"रडणार होतो," ते म्हणाले. "तुझी शपथ, बाळा. जन्मभर रडणार होतो."

ते खरं सांगत होते. कुर्झेलला त्यात तिळमात्र शंका वाटली नाही, आणि तिथं उभ्या उभ्या त्याच्या अंगावर काटा आला. गाब्रिएललाही शंका वाटली नसावी. त्याने मामांना हाताला धरून उठवलं, कोटाचा चिखल झटकला आणि त्यांना स्वतः नेऊन बाल्ताझारच्या ताब्यात दिलं.